व्हरांड्यातली चार पावलं

दिवाळीची सुट्टी संपवून प्रेमला कामावर गेली त्या आठवड्यात तिच्या डाव्या पायातली चप्पल घट्ट व्हायला लागली. सकाळी तुळजापुरातून निघताना ठीक असायची. संध्याकाळी परतीच्या गाडीत बसेपर्यंत पट्टा कातडीत रुतलेला असायचा. तिनं चप्पल बदलली. मग पोटरी दुखायला लागली, तेव्हा एका रविवारी तिनं नवऱ्याला पाय दाखवला. सोमेश देवळाजवळच्या एका लॉजवर मॅनेजर होता. त्यानं पोटरीवर अंगठा दाबला आणि काढला. अंगठ्याची खळगी तशीच राहिली.

"हे भरून का येत नाही?" तो म्हणाला.

"येईल की. दिवसभर पाय लोंबकळत असतात."

पण त्यानं ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी तो तिला सोलापूरला घेऊन गेला.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. मशीन फिरवून पोटरी तपासल्यावर त्यांनी कागदावर एक पाय काढला, त्यात एक शीर काढली आणि शिरेत पेनानं ठिपका गिरवला. "इथं रक्ताची गुठळी झालीय. वेळेत आलात. रक्त पातळ करायच्या गोळ्या देते, त्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत." मग त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. धाराशिवला, दाखल्यांच्या खिडकीवर."

"मधे मधे उठता का?"

सकाळी एकदा खुर्चीत बसलं की जेवणाच्या सुट्टीला उठायचं आणि मग ऑफिस सुटताना. पाणीसुद्धा ती मुद्दाम कमी प्यायची, म्हणजे जावं लागत नाही. हे तिनं सांगितलं, तसं डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"पाणी भरपूर प्या. दर अर्ध्या तासाला उठा, चार पावलं चाला, टाचा वर-खाली करा. हे गोळीइतकंच गरजेचं आहे. तशाच बसून राहिलात आणि गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर अवघड होईल."

दवाखान्यातून बाहेर आल्यावर प्रेमलाला एकदम हलकं वाटलं. वाटेत तिच्या मनात काय काय येऊन गेलं होतं. ऑपरेशन, भरती होणं, रजा. त्यातलं काहीच नव्हतं.

"उठायचंच आहे ना," ती सोमेशला म्हणाली, "उठीन की."

*

ती जिथं काम करायची त्या कार्यालयात दोन खिडक्या होत्या. एकीवर प्रेमला, दुसरीवर निकिता नावाची तरुण मुलगी. दोघीही एका एजन्सीमार्फत लागलेल्या, करारावर. खिडकीला जाळी, जाळीखाली हात जाईल एवढी फट, आणि पलीकडं रांग. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, निराधारांच्या सरकारी पगाराची कागदपत्रं. रांग व्हरांड्यातून वळून पायऱ्यांपर्यंत जायची आणि दुपारच्या उन्हात पायऱ्या तापल्या की पुन्हा भिंतीच्या सावलीला यायची.

पहिल्या दिवशी प्रेमला ठरल्याप्रमाणं उठली. "आलेच," असं जाळीतून म्हणून ती मागच्या दारानं व्हरांड्यात आली, रांगेच्या कडेकडेनं पाण्याच्या टाकीपर्यंत गेली, परत आली. चालताना रांगेतली तोंडं तिच्याबरोबर वळत गेली. खुर्चीत बसून बघते तर मशीन बंद. ऑपरेटर जरा वेळ जागेवर नसला की ते आपोआप बंद व्हायचं. मग पुन्हा अंगठा लावायचा, मोबाइलवर नंबर यायची वाट बघायची, तो नंबर भरायचा. त्या दिवशी नंबर येता येईना.

खिडकीपाशी एक वयस्कर माणूस होता. टोपी काढून त्यानं हातात घेतली होती. "मॅडम, पहिल्या गाडीनं आलोय," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणूनच प्रेमलाला जास्त लागलं. त्यानंतर ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठली नाही.

दारावर बलभीममामा असायचे. शिपाई. रिटायर व्हायला आलेले, दिवसभर उभे, पोटऱ्यांवर हिरव्या शिरांच्या गाठी. दोन-तीन दिवस प्रेमलाची घालमेल बघून त्यांनी विचारलं, आणि तिनं त्यांना सगळं सांगितलं.

"असं हाय व्हय," मामा म्हणाले. "मला बसाय मिळंना आन् तुम्हाला उठाय मिळंना."

"काय करायचं मामा?"

"बघतो की."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मामा खिडकीपाशी आले आणि रांगेला म्हणाले, "सर्व्हर बंद पडलाय. थांबा जरा." प्रेमलानं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी मानेनं दाराकडं खूण केली. ती उठली, टाकीपर्यंत गेली, टाकीचा कठडा धरून टाचा वर-खाली केल्या. रांगेतल्या कुणी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सर्व्हर बंद पडणं हे सगळ्यांच्या सवयीचं होतं. त्यावर कुणी रागवायचं नाही. लोक खाली बसायचे, तंबाखू मळायचे, एकमेकांच्या गावाची चौकशी करायचे.

मग रोजच असं होऊ लागलं. सकाळी एकदोनदा, दुपारी एकदोनदा. प्रेमला पाणी प्यायला लागली. पायाची सूज उतरायला लागली. संध्याकाळी सोमेश अंगठ्यानं पोटरी दाबायचा आणि खळगी लवकर भरून यायची.

"बघ, काही अवघड नव्हतं," तो म्हणायचा.

एका सकाळी खिडकीशी एक म्हातारी आली. बेंबळी गावची, मथुराबाई. निराधारांचा पगार चालू राहावा म्हणून तिला उत्पन्नाचा दाखला हवा होता. हातातल्या पिशवीतून कागद काढता काढता ती बोलत होती.

"परवा आले व्हते बाई. आमचा नंबर आला आन् सर्वर बंद पडला म्हणले. मंग शेजारची बाई म्हणली, आता काय ते चालू हुईत न्हाय, चल. म्हणून गेले. काल याचं तर काल गुडघं उचलंनात."

प्रेमलाचा हात कीबोर्डवर थांबला. परवा सर्व्हर एकदाही बंद पडला नव्हता.

"किती वाजता आला होता?"

"दुपारचं. जेवायच्या आदी."

ती प्रेमलाचीच चार पावलं होती. आपण टाकीपाशी टाचा वर-खाली करत होतो आणि ही बाई पायऱ्या उतरून बसस्टँडकडं निघाली होती, हे तिला आता डोळ्यांसमोर दिसलं. तिनं मथुराबाईचा अंगठा मशीनवर ठेवला. मशीननं घेतला नाही. दुसरं बोट, तिसरं बोट. जन्मभर शेतात राबलेल्या हाताची बोटं गुळगुळीत झालेली होती. ओला रुमाल फिरवून बघितला, पुसून बघितलं. शेवटी तिला सांगावं लागलं, "आजी, बोटं उमटत नाहीत. डोळ्याचं मशीन दुरुस्तीला गेलंय, ते आलं की या. आठवड्याभरानं."

"पुन्यांदा?"

"हो आजी."

मथुराबाईनं कागद एकेक करून पिशवीत भरले.

जेवणाच्या सुट्टीत प्रेमला मामांना म्हणाली, "मामा, उद्यापासून सर्व्हरचं सांगू नका."

"मग काय सांगू?"

"काहीच नका सांगू. माझं मी सांगते."

*

आता ती उघड उठायला लागली. "पाच मिनिटं थांबा, आले," असं जाळीतून सांगायची आणि जायची. कारण सांगत नव्हती. पायात गुठळी आहे ही काय रांगेला ओरडून सांगायची गोष्ट होती? लोक चुळबुळ करायचे. कुणी म्हणायचं, "चहाला चालल्या." ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पूर्वीपेक्षा कमी वेळा उठायची, पण उठायची.

मथुराबाई पुढच्या आठवड्यात आली तेव्हा तिच्याबरोबर तिचा मुलगा होता. रणधीर. तिशीचा, उंच, कपाळाला आठ्या. आईला दोनदा मोकळ्या हातांनी परत पाठवलं म्हणून तो रानातलं काम टाकून आला होता. रांग मोठी होती. मथुराबाई भिंतीला टेकून खाली बसली होती, पाय लांब करून. रणधीर तिच्या जागेवर उभा होता. त्यांच्या पुढं थोडीच माणसं राहिली होती, तेवढ्यात प्रेमला उठली. "पाच मिनिटं," म्हणाली.

ती टाकीपाशी गेली. कठड्याला धरून टाचा उचलल्या, टेकवल्या. मग परत खिडकीपर्यंत आली आणि पाय जड वाटला म्हणून पुन्हा एकदा टाकीपर्यंत गेली. रणधीरनं मोबाइल काढलेला तिला दिसला नाही.

त्या दिवशी मथुराबाईचं काम झालं. डोळ्याचं मशीन आलं होतं. दाखला सही होऊन चार दिवसांनी मिळणार होता. प्रेमलाला वाटलं, चला, सुटली बिचारी.

संध्याकाळी ती तुळजापूरला उतरली तेव्हा सोमेश स्टँडवर उभा होता. तो कधी घ्यायला येत नसे.

"काय झालं?"

त्यानं मोबाइल पुढं केला. लॉजच्या मालकाच्या मुलानं त्याला दाखवला होता, वहिनीच आहेत ना या म्हणून. व्हिडिओत आधी मथुराबाई दिसत होती, भिंतीला टेकलेली, पदरानं तोंड पुसणारी. मग मोबाइल वळत होता आणि टाकीपाशी टाचा वर-खाली करणारी प्रेमला दिसत होती. मग ती येताना, मग पुन्हा जाताना. खाली लिहिलं होतं, 'जनता रांगेत, मॅडम व्यायामात.'

प्रेमलानं तो दोनदा बघितला. स्वतःला असं मागून चालताना तिनं कधी बघितलं नव्हतं. खरंच ती एखाद्या बागेत फिरायला आल्यासारखी दिसत होती.

घरी पोचेपर्यंत मुलाचा, कैवल्यचा फोन आला. तो पुण्याला शिकत होता. "आई, माझ्या ग्रुपवर आलाय. कुणाला तरी सांग ना काढून टाकायला."

"कुणाला सांगू बाळा?" ती म्हणाली. तिला खरोखरच माहीत नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सोलापूरहून एजन्सीचे सुपरवायझर आले. शरणबसप्पा त्यांचं नाव. माणूस वाईट नव्हता. करार नवा करायच्या वेळी तेच धावपळ करायचे. साहेबांच्या केबिनबाहेर त्यांनी प्रेमलाला बाजूला घेतलं.

"काय हो ताई हे?"

"सर, मला सोलापूरच्या डॉक्टरांनी—"

"थांबा," शरणबसप्पा म्हणाले. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "मी काय ऐकलं न्हाय. तुम्ही सांगितलं की मला ते वर कळवावं लागणार. करारात लिहिलंय, उमेदवार शारीरिकदृष्ट्या सक्षम पाहिजे. तुमच्या जागेवर यायला लोक तयार बसलेत, ताई. मी थांबवू शकणार न्हाय. माफी मागा, चुकलं म्हणा, विषय मिटतो."

"पण सर, उठले नाही तर—"

"मला तुमची काळजी हाय म्हणूनच म्हणतोय."

केबिनमध्ये साहेब व्हिडिओ बघत होते. त्यांना वरून फोन आले होते आणि ते त्रासलेले होते, तरी ओरडले नाहीत. मोबाइल पालथा घालून त्यांनी सरळ विचारलं, "बाई, तुम्हाला काही दुखणं आहे का? असेल तर सांगा."

शरणबसप्पा तिच्या शेजारीच उभे होते. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही, छताच्या पंख्याकडं बघितलं.

घर दोघांच्या पगारावर चालत होतं. कैवल्यचं अजून दीड वर्ष बाकी होतं. प्रेमला म्हणाली, "नाही साहेब."

"मग हे काय होतं?"

"चुकलं साहेब. पुन्हा होणार नाही."

साहेबांनी सुस्कारा सोडला. त्या दुपारी सूचना लागली. जेवणाची सुट्टी सोडून कुठल्याही ऑपरेटरनं खिडकी सोडायची नाही. अडचण असेल तर शिपायाला सांगून, दुसऱ्या खिडकीवर कळवून जायचं, आणि किती वेळा गेलं ते शिपायानं वहीत लिहून रोज साहेबांना दाखवायचं. ती सूचना दोघींना होती. निकितानं ती वाचली आणि पलीकडून हळूच म्हणाली, "ताई, मला आता बाथरूमला जायचं तरी मामांना सांगून जावं लागणार."

"माझ्यामुळं झालं गं."

"तसं नाही म्हणत मी," निकिता म्हणाली आणि पुढच्या माणसाचा कागद घेतला.

मग प्रेमलानं जमेल ते करून बघितलं. कागदाच्या गठ्ठ्यांवर स्क्रीन ठेवून उभ्यानं काम करायला गेली, तर खिडकी इतकी खाली होती की लोकांना तिचं तोंड दिसेना आणि तिला लोकांचं. प्रत्येक माणसाला वाकून बोलावं लागायचं. अंगठ्याच्या मशीनची वायरही तेवढी वर पोचत नव्हती. दोन दिवसांत कंबर धरली. मग ती बसून टेबलाखाली टाचा हलवायला लागली, पण काम अंगावर आलं की विसरायची, आणि आठवण व्हायची तेव्हा पाय ओंडक्यासारखा झालेला असायचा. जाता-येता गाडीत उभी राहायला लागली. जागा असली तरी उभी. कंडक्टर रोजचा ओळखीचा होता.

"बसा की ताई, रिकामीच हाय गाडी."

"राहू दे भाऊ, बसूनच असते दिवसभर."

तो हसला. त्यालाही व्हिडिओ बघितल्याचं आठवलं असावं, कारण मग त्यानं तिच्या पायांकडं बघितलं.

संध्याकाळी सोमेश तिला लॉजच्या गच्चीवर फेऱ्या मारायला न्यायचा. तोही बरोबर चालायचा. खालून भाविकांच्या गाड्यांचे आवाज यायचे. पुढच्या तपासणीला प्रेमलानं डॉक्टरांना हे सांगितलं.

"संध्याकाळचं चालणं चांगलंच आहे," डॉक्टर म्हणाल्या, "पण दिवसभराचं बसणं त्यानं भरून निघत नाही. ऑफिसात सांगून बघा ना. मी पत्र देते. पत्रावर कुणी नाही म्हणणार नाही."

"नको मॅडम," प्रेमला घाईघाईनं म्हणाली. "पत्र नको."

डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांनी एकदा सोमेशकडं बघितलं. सोमेश जमिनीकडं बघत होता.

गाडीत परत येताना तो म्हणाला, "सोड नोकरी."

"आणि?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "बघू काहीतरी." ते दोघांनाही पटलं नाही.

*

मथुराबाई दाखला न्यायला आली ती सांगितल्यापेक्षा बऱ्याच उशिरा, संक्रांत झाल्यावर. जेवणाची सुट्टी चालू होती. प्रेमला घाईत डबा उरकून व्हरांड्यात चालत होती; तेवढाच वेळ तिचा होता. म्हातारी टाकीजवळ सावलीला भाकरी खात बसली होती.

"तूच का गं ती," मथुराबाई म्हणाली, "मोबाइलवर चालणारी?"

प्रेमला थांबली. "हो आजी."

"आमच्याच पोरानं काढलं ते. लई हसत व्हती लोकं. मला काय बरं वाटलं न्हाय. पर तू तरी कशाला चालत व्हतीस, येवढी माणसं खोळंबलेली असताना?"

विचारण्यात टोचणी नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. प्रेमला तिच्याशेजारी कट्ट्यावर टेकली, साडीचा काठ जरा वर घेतला आणि पाय दाखवला. दोन्ही पायांत फरक दिसत होता. मग थोडक्यात सगळं सांगितलं. सर्व्हरचंही सांगितलं. "त्या दिवशी तुम्ही परत गेलात ना, तो सर्व्हर बंद नव्हता. मी उठले होते."

मथुराबाईनं भाकरी फडक्यात गुंडाळली. तिनं पोटरीवरून खरबरीत हात फिरवला, एखाद्या जनावराचा दुखरा पाय बघावा तसा. "आगं, मग सांगायचं न्हाय व्हय? माणसं हायती, थांबली असती."

"थांबली असती का?"

म्हातारीनं विचार केला. "काय ठावं," ती म्हणाली.

दोन दिवसांनी रणधीर आला. दुपारच्याच सुट्टीत. टाकीपाशी लांबच उभा राहिला, जवळ यायला त्याला जमेना. शेवटी प्रेमलाच गेली.

"आईनं सांगितलं," तो म्हणाला. "मला काय माहीत न्हवतं ताई. दोनदा परत लावलं व्हतं म्हातारीला, डोकं फिरलं व्हतं माझं."

"बरोबर होतं तुमचं."

"म्या काढून टाकलाय तो. पर लोकांनी पुढं धाडलाय, ते काय माझ्या हातात राहिलं न्हाय." त्यानं घाम पुसला. "म्या आता सायबाकडं जातो. सांगतो, बाई आजारी हायत, चूक माझी हाय. लिहून देतो. पायजेल तर दुसरा व्हिडिओ काढतो, खरं काय ते सांगतो त्यात."

तो केबिनकडं वळलासुद्धा. प्रेमलानं त्याची बाही धरली. परक्या पुरुषाची बाही आपण धरलीय हे तिच्या नंतर लक्षात आलं.

"नका जाऊ."

"का?"

"मी आजारी आहे हे कळलं तर काढून टाकतील. मी साहेबांना सांगितलंय की मला काही झालेलं नाही."

एवढा उंच माणूस, पण त्याला आता हात कुठं ठेवावेत ते सुचत नव्हतं.

"मग म्या काय करू?"

"काही करू नका."

"कायच न्हाय?"

"काहीच नाही, भाऊ. आईंचा दाखला मिळाला ना?"

"मिळाला."

"मग झालं."

तो बराच वेळ पायऱ्यांवर बसून होता. सुट्टी संपली, खिडकी उघडली, रांग लागली. नंतर कधीतरी उठून गेला.

*

महाशिवरात्रीच्या आधल्या आठवड्यात गर्दी वाढली. कुठल्यातरी योजनेची मुदत संपत होती. त्या दोन-तीन दिवसांत प्रेमला जेवणाच्या सुट्टीतही उठली नाही. डबा टेबलावरच उघडला. एका दुपारी एका बाईचं नाव टाइप करताना तिला वाटलं, आपल्याला श्वास पुरत नाही. तिनं खोल श्वास घ्यायला बघितलं तर बरगडीत कळ आली. ती बाई जाळीतून बघत होती. "मॅडम, घाम लई आलाय तुम्हाला," ती म्हणाली. प्रेमलाला उठायचं होतं. हात टेबलावर टेकले, पण उठता आलं नाही.

बलभीममामांनी आणि निकितानं तिला खुर्चीसकट मागं ओढलं. मामा सगळ्यांना एकच गोष्ट सांगत होते, "पायात गाठ हाय त्यांच्या, पायात गाठ हाय." त्यामुळं दवाखान्यात वेळ गेला नाही. तिथून अँब्युलन्सनं सोलापूर. गुठळी फुप्फुसात गेली होती. काही दिवस आयसीयूत काढल्यावर ती वाचली, आणि डॉक्टर म्हणाल्या, नशीब चांगलं.

घरी आल्यावर महिन्याभरानं ती कार्यालयात गेली. करार मुदतीआधीच संपवला होता. शेवटच्या पगारासाठी सही लागत होती. तिच्या खिडकीवर एक नवा मुलगा बसला होता, खांदे पुढं काढून, मान जाळीकडं वळवून. मामांनी तिच्यासाठी केबिनमधून खुर्ची आणली आणि तिनं नको म्हटलं.

साहेब स्वतः बाहेर आले. "बाई, सांगायचं ना," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच वाईट वाटल्याचं दिसत होतं. "मी विचारलं होतं तुम्हाला. काहीतरी सोय केली असती."

कदाचित केलीही असती. प्रेमलाला आता ते कळायला मार्ग नव्हता. ती म्हणाली, "हो साहेब," आणि सही केली.

त्यानंतर ती घरीच होती. सकाळी चालायची, दुपारी चालायची, वाटेल तेव्हा उठायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, तब्येत सुधारली. सोमेशनं लॉजवर रात्रपाळीही घेतली होती. दिवसा तो झोपायचा आणि झोपेतही त्याचा चेहरा दमलेला दिसायचा. कैवल्य फोनवर म्हणाला होता, एक वर्ष थांबतो, काम बघतो. तिनं त्याला नाही म्हटलं होतं, पण कशाच्या जोरावर ते तिलाच ठाऊक नव्हतं.

भर उन्हाळ्यात एके सकाळी शरणबसप्पांचा फोन आला.

"ताई, बरं हाय ना आता? एक जागा निघालीय. तेर गावात. कागद नवे होतील, दुसऱ्या एजन्सीकडून. जुनं कुणी विचारणार न्हाय. तुम्हीबी सांगू नका."

"काम काय आहे सर?"

"कॉम्प्युटरचंच. गर्दी कमी असती तिथं. बसूनच काम, निवांत."

आतल्या खोलीत सोमेश कूस बदलून पुन्हा झोपला. प्रेमला उभीच होती, फोन कानाला धरून, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून. शरणबसप्पा पलीकडं वाट बघत होते. ते तिच्या भल्यासाठीच हे करत होते, हे तिला कळत होतं.

"संध्याकाळपर्यंत सांगा," ते म्हणाले. "उद्या दुसऱ्याला द्यावी लागंल."

"सर," प्रेमला म्हणाली, "तेरला सकाळची पहिली गाडी कितीला असते?"